गुस्ताव किरचॉफ : विजेचा हिशोब मांडणारा विद्यार्थी



आजचा पाठ गुस्ताव रॉबर्ट किरचॉफ या जर्मन शास्त्रज्ञावर. हे नाव आपल्या प्राथमिकच्या पुस्तकात येत नाही. बारावी सायन्सला किंवा इलेक्ट्रिकल डिप्लोमाला गेलेल्या मुलांच्या तोंडी मात्र ते असतं, आणि बऱ्याचदा वैतागून. केव्हीएल, केसीएल, मेश, सोर्स ट्रान्सफॉर्मेशन असे शब्द ही मुलं पायऱ्या पाठ करून पेपरात उतरवतात. चिन्ह चुकलं की सगळं गणित चुकतं, मग मुलगा म्हणतो की हे आपल्या डोक्याबाहेरचं आहे. अशा मुलांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. ज्याने हे नियम लिहिले तो तेव्हा २१ वर्षांचा होता, स्वतः विद्यार्थी होता आणि हे काम त्याने अभ्यासवर्गातला स्वाध्याय म्हणून केलं होतं.

किरचॉफचा जन्म १२ मार्च १८२४ रोजी प्रशियातल्या केनिग्सबर्ग शहरात झाला. आज या शहराला कालिनिनग्राड म्हणतात आणि ते रशियात आहे. वडील कायद्याच्या क्षेत्रातले, घर सुशिक्षित. शिक्षण गावातच झालं, विद्यापीठही गावातलंच.

या शहराची एक गोष्ट गणिताच्या शिक्षकांना माहीत असेल. मधून नदी वाहते, नदीत बेट आहे आणि तेव्हा तिच्यावर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं गाव फिरता येईल का, असं कोडं लोक एकमेकांना घालत. १७३६ मध्ये ऑयलरने दाखवून दिलं की तसं फिरणं शक्य नाही. त्याने पुलांची लांबी-रुंदी मोजलीच नाही. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला जोडलेला आहे, एवढंच पाहिलं. सुमारे ११० वर्षांनी त्याच शहरातल्या एका विद्यार्थ्याने विजेच्या तारांकडे तसंच पाहिलं. त्याने ऑयलरवरून कल्पना घेतली असं मी म्हणत नाही. पण वर्गात या दोन गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या तर मुलांना आवडतात.

केनिग्सबर्गला फ्रान्झ नॉयमान आणि गणितज्ञ याकोबी यांनी एक अभ्यासवर्ग सुरू केला होता. तिथे नुसती व्याख्यानं नसत. विद्यार्थ्याने प्रश्न घ्यायचा, मोजमाप करायचं, गणित मांडायचं आणि सगळ्यांसमोर तपासून घ्यायचं. आपल्याकडे 'प्रकल्प' नावाखाली चित्रं चिकटवलेल्या वह्या येतात, त्या मला इथे आठवतात. मुलांचा दोष नाही, आपण प्रश्नच तसा देतो. किरचॉफला प्रश्न मिळाला तो असा : धातूच्या गोल पत्र्यातून वीज जाते तेव्हा ती पसरते कशी? या प्रश्नावरचा त्याचा लेख १८४५ मध्ये छापून आला. जगभर शिकवले जाणारे त्याचे दोन नियम त्या लेखाच्या शेवटी, जाता जाता मांडल्यासारखे आहेत.

दोन नियम, घरच्या भाषेत

पहिला नियम सांध्याचा. जिथे तारा एकत्र येतात तिथे जेवढी विद्युतधारा आत येते तेवढीच बाहेर पडते. सांध्यात वीज साठून राहत नाही आणि हरवतही नाही. रेल्वेच्या पुलावर तिन्ही प्लॅटफॉर्मवरून माणसं चढतात आणि पूर्व-पश्चिमेला उतरतात. पुलावर कुणी थांबलं नाही, तर चढलेली आणि उतरलेली डोकी सारखीच भरणार.

दुसरा नियम फेरीचा. परिपथात एका जागेवरून निघून फिरून पुन्हा तिथेच आलात, तर वाटेत विभव जेवढं वाढलं तेवढंच कमी झालेलं असतं. घरातून निघून टेकडी चढलात, दुसऱ्या वाटेने उतरलात आणि घरी आलात. चढ-उतार कितीही असोत, घराची उंची काही बदललेली नसते.

यात नवीन काय, असं वाटेल. खरं सांगायचं तर हा जमाखर्चच आहे. एका तारेत विभवांतर, धारा आणि रोध यांचं नातं काय, ते ओहमने १८२७ मध्येच सांगून ठेवलं होतं. त्याच्या पुस्तकाचं स्वागत मात्र थंड झालं आणि त्या बिचाऱ्याने कोलोनची शिक्षकाची नोकरी सोडली. ओहमचा नियम एका तारेला पुरतो. तारांचं जाळं झालं, दोन-तीन बॅटऱ्या आल्या, की कुठल्या तारेत किती धारा हे त्या एका नियमावरून सांगता येत नाही. किरचॉफच्या जमाखर्चाने ते जमलं. पुढे १८४९ मध्ये त्याने ओहमच्या मांडणीतला एक गोंधळही दूर केला. ओहम ज्याला विजेचा ताण समजत होता, ते स्थिर विजेच्या अभ्यासातलं विभवच आहे, हे त्याने दाखवलं. एकाने रस्ता काढला, दुसऱ्याने त्यावरचे खड्डे बुजवले. खड्डे बुजवणाऱ्याची आठवण सहसा कुणी ठेवत नाही, पण इथे ती राहिली.

१८४७ मध्ये त्याची पदवी झाली. त्याच वर्षी त्याने आणखी एक लेख लिहिला, आणि माझ्या मते मेशचं गणित शिकवताना खरं तिथूनच सुरुवात करावी. प्रश्न साधा होता. जाळ्यात फेऱ्या तर कितीही दिसतात, मग त्यातल्या किती फेऱ्यांची समीकरणं पुरतात? उत्तर मोजून काढता येतं. तारा मोजा, त्यातून सांधे वजा करा, एक मिळवा. वरच्या पुलांच्या गावाचंच घ्या. सात पूल म्हणजे सात तारा, जमिनीचे चार तुकडे म्हणजे चार सांधे. सात वजा चार, अधिक एक, म्हणजे चार फेऱ्या. यापेक्षा जास्त लिहिली तर ती आधीच्याच समीकरणांची पुनरावृत्ती. आपली मुलं इथेच फसतात. तीच माहिती दोनदा लिहितात, मग शून्य बरोबर शून्य येतं आणि कपाळावर हात मारतात.

एक उदाहरण सोडवून पाहू

हे उदाहरण मी आठवी-नववीच्या मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी रचलं आहे. मध्ये ६ ओहमचा दिवा. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, तिच्याबरोबर एकसर जोडणीत २ ओहम रोध. उजवीकडे ९ व्होल्टची बॅटरी, तिच्याबरोबर ३ ओहम. दोन्ही बॅटऱ्यांचं धन टोक दिव्याच्या एकाच बाजूला. दिव्यातून किती धारा जाईल, आणि कुठली बॅटरी किती देईल?

तारा तीन, सांधे दोन, म्हणून फेऱ्या दोन. प्रत्येक तारेत वेगळी धारा धरली असती तर तीन अज्ञात झाले असते. इथे युक्ती अशी की धारा तारेत न धरता फेरीत धरायची. डाव्या चौकटीत घड्याळाच्या दिशेने क, उजव्या चौकटीत त्याच दिशेने ख. मधला दिवा दोन्ही चौकटींचा सामाईक, म्हणून त्यात क वजा ख. फेरीत धारा धरण्याची ही पद्धत मॅक्सवेलची. किरचॉफचे नियम होतेच, मॅक्सवेलने लिहिण्याचं काम कमी केलं.

डाव्या फेरीचा जमाखर्च : १२ = २क + ६(क − ख), म्हणजे ८क − ६ख = १२.
उजव्या फेरीचा : ६(ख − क) + ३ख + ९ = ०, म्हणजे −६क + ९ख = −९.

दोन्ही सोडवा. क = १.५ आणि ख = ० येतं!

म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी जोडलेली आहे, पण ती काहीच देत नाही. दिव्याची सगळी १.५ अँपिअर धारा डावीकडून येते. नऊची बॅटरी काढून टाकली तरी दिवा तेवढाच पेटेल. हीच बॅटरी एकटी असती तर तिने दिव्याला १ अँपिअर दिलं असतं. नऊऐवजी सहा व्होल्टची लावली असती तर तिच्यात उलट धारा शिरली असती. कोण देणार आणि कोण घेणार, हे एकट्या बॅटरीवर ठरत नाही, सगळ्या जाळ्यावर ठरतं. मुलांना 'बॅटरी म्हणजे वीज देणारी' एवढंच शिकवून आपण थांबतो, ते अर्धवट आहे. (हा प्रयोग घरी साध्या सेलवर करू नका. साध्या सेलमध्ये उलट धारा गेली तर तो गळतो, फुटूही शकतो. कागदावरच करा.)

आता सोर्स ट्रान्सफॉर्मेशन. १२ व्होल्टची बॅटरी आणि एकसर २ ओहम या जोडीच्या जागी ६ अँपिअर देणारा स्रोत आणि त्याला समांतर २ ओहम ठेवले, तर बाहेरच्या दिव्याला फरक कळत नाही. भागाकार तेवढा करायचा : १२ ÷ २ = ६. तसंच ९ व्होल्ट आणि ३ ओहमच्या जागी ३ अँपिअर आणि समांतर ३ ओहम. दोन्ही स्रोत आता शेजारी शेजारी आले, म्हणून सरळ बेरीज : ९ अँपिअर. २, ३ आणि ६ ओहम समांतर झाले. त्यांचा हिशोब म्हणजे १/२ + १/३ + १/६, ही आपलीच प्राथमिकची अपूर्णांकांची बेरीज! उत्तर १, म्हणजे एकूण रोध १ ओहम. ९ अँपिअर गुणिले १ ओहम म्हणजे दिव्यावर ९ व्होल्ट, आणि दिव्यात ९ ÷ ६ = १.५ अँपिअर. दोन वाटांनी गेलो, उत्तर एकच आलं.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. ही अदलाबदल बाहेरून पाहणाऱ्यापुरतीच खरी आहे. आतल्या रोधात किती उष्णता तयार होते ते दोन्ही मांडण्यांत सारखं नसतं, आणि परीक्षेत हाच प्रश्न विचारून मुलांना पाडतात. या कल्पनेचं मूळ १८५३ मध्ये हेल्महोल्ट्झने मांडलं. हेल्महोल्ट्झ तेव्हा केनिग्सबर्गलाच शिकवत होता आणि पुढे किरचॉफचा सहकारी झाला. १८८३ मध्ये फ्रान्सच्या तारखात्यातल्या तेवेनँने तीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली आणि नाव त्याचं लागलं.

आपल्या रुळांवर

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर ठाकुर्लीतच पाहू. इथलं रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस आज बंद आहे, पण जीआयपी रेल्वेने ते १९२९ च्या सुमारास उभारलं ते विजेच्या गाड्यांसाठी. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली, १५०० व्होल्टच्या एकदिश धारेवर. पुढे वीज घाट चढून पुण्यापर्यंत गेली. या पद्धतीत गाडीला दोन्ही बाजूंच्या सबस्टेशनांतून वीज मिळे. म्हणजे वरचंच उदाहरण : दोन बॅटऱ्या, मध्ये दिवा. समजा गाडीला ९०० अँपिअर हवेत, दोन्हीकडचं विभव सारखं आहे आणि गाडी एका सबस्टेशनपासून एक तृतीयांश अंतरावर आहे. जवळच्या बाजूने ६०० आणि लांबच्या बाजूने ३०० येतील. गाडी पुढे सरकली की हा वाटा आपोआप बदलत जातो, कुणाला बटण दाबावं लागत नाही. २०१६ पर्यंत मुंबईच्या सगळ्या लोकल मार्गांवर २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा आली. तिथे दोन सबस्टेशनांच्या हद्दीत तारेचा एक निर्जीव तुकडा ठेवतात, कारण दोन्हीकडची वीज एकमेकींशी जुळलेली नसते.

दोन्ही बाजूंनी वीज येणाऱ्या तारेवर काम करायचं असेल तर एक बाजू बंद करून भागत नाही. दोन्ही बाजू बंद करायच्या आणि तार जमिनीला जोडायची, मगच हात लावायचा. घरातही हेच आहे. लाईट गेली की आपण समजतो, तारा मेल्या. पण सोसायटीचा जनरेटर किंवा एखाद्याचा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असेल, तर वीज उलट बाहेरच्या लाईनमध्ये जाते. खांबावर चढलेल्या वायरमनला वाटतं पुरवठा बंद आहे. त्याच्या बाजूने तो बंदच असतो, दुसऱ्या फेरीने मात्र चालू असतो. म्हणून जनरेटर जोडताना चेंजओव्हर स्विच लागतो. नववीतल्या मुलाला हे कळलं तर पुढच्या जनरेटरच्या वेळी तो घरात विचारेल तरी.

पुढचं आयुष्य

परत किरचॉफकडे. पदवीनंतर तो बर्लिनला गेला. तिथे विद्यापीठात शिकवत होता, पण पगाराशिवाय. १८५० मध्ये ब्रेस्लाऊला (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) प्राध्यापक झाला. तिथे रॉबर्ट बुन्सेन भेटला. हो, आपल्या प्रयोगशाळेतल्या बर्नरवाला बुन्सेन. वयाने तेरा वर्षांनी मोठा, रसायनशास्त्राचा. दोघांची मैत्री जमली. बुन्सेन हायडेलबर्गला गेला आणि १८५४ मध्ये किरचॉफलाही तिथे बोलावणं आलं.

१८५७ मध्ये त्याने गणिताने दाखवलं की रोध नसलेल्या तारेतून विजेचा संदेश जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने जाईल. प्रकाश आणि वीज यांचं काही नातं असेल, हे तेव्हा स्पष्ट नव्हतं. मॅक्सवेलचं काम त्यानंतरचं. त्याच वर्षी क्लारा रिशेलो हिच्याशी त्याचं लग्न झालं. ती केनिग्सबर्गच्या त्याच्या गणिताच्या प्राध्यापकांची मुलगी.

वीज सोडून तो प्रकाशाकडे वळला तो बुन्सेनमुळे. बुन्सेन ज्योतीत वेगवेगळे क्षार टाकून ज्योतीच्या रंगावरून पदार्थ ओळखू पाहत होता. रंग रंगीत काचांतून पाहायचा त्याचा विचार होता. किरचॉफने सुचवलं की प्रकाश लोलकातून पाहू. मग दिसलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, हातावरच्या ठशांसारख्या. १८५९ मध्ये त्याने सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषांचा अर्थ लावला. या रेषा फ्राउनहोफरने पूर्वीच नोंदवल्या होत्या, पण त्या का येतात ते माहीत नव्हतं. सोडियमची वाफ तापली की जो पिवळा प्रकाश देते, तोच प्रकाश ती स्वतःतून जाताना गिळतेही. म्हणून सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे. सूर्यावर न जाता सूर्यात काय आहे ते कळलं! १८६० मध्ये दोघांनी सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही नवी मूलद्रव्यं शोधली.

पुढे याच पद्धतीने हेलियम सापडला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात आंध्रातल्या गुंटूरला यान्सेनने निरीक्षण केलं, आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून लॉकयरने. लॉकयरने हे विजयदुर्गावरून पाहिलं असं आपल्याकडे बऱ्याच लेखांत असतं. पण त्या काळात तो इंग्लंडमध्ये होता. मुलांना सांगताना हे तपासून सांगितलेलं बरं.

त्याच सुमारास किरचॉफच्या पायाला अपघात झाला. नंतर बराच काळ त्याला कुबड्या आणि चाकाच्या खुर्चीवर काढावा लागला. १८६९ मध्ये क्लारा गेली. मुलं घरात, स्वतःचा पाय धड नाही, तरी तो शिकवत राहिला. १८७२ मध्ये लुईझे हिच्याशी त्याने दुसरं लग्न केलं. दुसऱ्या विद्यापीठांची बोलावणी येत होती, पण हायडेलबर्ग सोडवत नव्हतं. शेवटी १८७५ मध्ये तो बर्लिनला गेला, कारण प्रयोगशाळेत उभं राहून काम करणं त्याला जड जात होतं आणि तिथलं पद गणिती भौतिकशास्त्राचं होतं.

त्याची व्याख्यानं काटेकोर असत. एकही शब्द जास्तीचा नाही, एकही कमी नाही. ऐकणाऱ्यांत हाइनरिख हर्ट्झ आणि मॅक्स प्लँक होते. प्लँकला ती कोरडी वाटली होती! मला हे वाचून बरं वाटलं. इतका मोठा माणूस शिकवत असूनही मागच्या बाकावर जांभई येतेच.

प्रकाशाच्या अभ्यासात त्याने एक प्रश्न मागे ठेवला होता. त्यावर पडणारा सगळा प्रकाश गिळणारी एक आदर्श वस्तू त्याने कल्पिली आणि तिला कृष्णपदार्थ हे नाव दिलं. ती तापली की कुठल्या रंगाचा किती प्रकाश देईल? त्याने एवढं सिद्ध केलं की हे फक्त तापमानावर अवलंबून आहे, वस्तू कशाची आहे यावर नाही. सूत्र मात्र त्याला मिळालं नाही.

तब्येत ढासळत गेली. १७ ऑक्टोबर १८८७ रोजी बर्लिनमध्ये किरचॉफ वारला. शहरातल्या सेंट मॅथ्यूज दफनभूमीत त्याची कबर आहे, आणि त्याच दफनभूमीत मुलांच्या परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधूही आहेत. बर्लिनची त्याची जागा १८८९ मध्ये व्याख्यानांना कंटाळलेल्या त्याच प्लँककडे आली, आणि कृष्णपदार्थाचं राहिलेलं सूत्र १९०० साली प्लँकनेच लिहिलं.